उसनी वीज

सिद्रामप्पांचे मल्लिनाथ, मल्लिनाथांचे शिवशरण आणि शिवशरणांची नीलांबिका. देशमाने घराण्याच्या या चार पिढ्यांनी जन्मभर एकच काम केले, ते म्हणजे दाबणे. पणजोबा सिद्रामप्पांनी बार्शीत लाकडी घाण्यावर करडई दाबली. आजोबा मल्लिनाथांनी सोलापुरास येऊन लोखंडी एक्स्पेलर बसवला आणि शेंगदाणा दाबला. शिवशरणांनी खाद्यतेलाचा धंदा सोडून तेलाच्याच बळावर चालणारे हायड्रॉलिक प्रेस घडवायला घेतले आणि पोलादाचा पत्रा चपातीसारखा दुमडून दाखवला. नीलांबिका भौतिकशास्त्र शिकली. तिने जे दाबले ते डोळ्यांना दिसणारेही नव्हते. तिने अणूंमधली मोकळी जागा दाबली.

घरातला दाब मात्र पिढ्यानपिढ्या बायकांकडे राहिला होता, आणि या गोष्टीच्या काळात तो महानंदा आत्यांकडे होता.

महानंदा या शिवशरणांच्या थोरल्या भगिनी. त्यांनी लग्न केले नाही. कोणी कारण विचारले तर, "वेळ झाला नाही," एवढेच सांगत, आणि ते खरेही होते. नीला सातव्या महिन्यातच जन्मली. तिची आई त्याच दुपारी गेली. भारनियमनाचे दिवस होते. प्रसूतिगृह लहान, त्याचा जनरेटर जळालेला, आणि काचेच्या पेटीत मूठभर पोर ऊब मागत पडलेले. भिंतीपलीकडे व्यंकटेश चिलवेरींचा चादरींचा कारखाना होता. त्यांच्याकडे डिझेलचा जनरेटर होता, पण माग आणि दवाखाना दोन्ही ओढील इतका तो दांडगा नव्हता. चिलवेरींनी माग बंद केले आणि भिंतीवरून वायर टाकली. पोरीच्या अंगाला मांस लागेपर्यंत त्या कारखान्यात वीज नसताना एकही चादर विणली गेली नाही. त्या काळात हातची किती गिऱ्हाइके गेली, हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही.

पोरीला घरी न्यायच्या दिवशी महानंदा त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"अण्णा, ही वीज आम्ही उसनी घेतली. परत करू."

अण्णा हसले. "करा की! घाई काय?"

उसने आणि कर्ज यांत फरक आहे. कर्जाला व्याज असते, कागद असतो, साक्षीदार असतात. उसन्याला नुसता शब्द असतो आणि एक नियम असतो. जे नेले तेच परत यायचे. शेजारून वाटीभर साखर नेली तर साखरच परत करायची, तिथे गूळ चालत नाही. हा नियम महानंदांनी बोलून दाखवला नव्हता. पण त्या दिवाळीला त्यांनी फराळाचे डबे धाडले, तेव्हा अण्णांनी चकल्या संपवून डब्यांबरोबर निरोप पाठवला, "मी काय चकल्या दिल्या होत्या? वीज दिली होती. वीज आणा!" पुढे महानंदांनी मागासाठी नवी मोटर पाठवली. ती दारातूनच परत आली. मग त्यांनी इन्व्हर्टरची भलीमोठी बॅटरी पाठवली. अण्णांनी ती मजुरांसमोर उघडली, आत डोकावून पाहिले आणि फोन लावला.

"बाई, यात ॲसिड हाय. शिसं हाय. वीज कुठाय?"

सारा कारखाना हसला. अण्णांची ती गंमत होती. महानंदांनी मात्र ती मनाला लावून घेतली आणि तिचा कायदा केला. नीला सकाळी अंथरुणात लोळली की, "उसन्या विजेवर वाढलेलं पोर असं लोळत नाही." गणितात मागे पडली की, "लोकांचे माग कशापायी बंद पडले होते, विसरलीस का?" नीलाने ते ओझे लहानपणापासून वाहिले. त्या ओझ्याखाली ती चुरगळली नाही, याचे श्रेय तिला द्यावे की तिच्या आत्यांना, हा प्रश्न निराळा.

आता थोडे विज्ञान. ते जाणून घेतल्याखेरीज पुढचे कळायचे नाही.

चाळीस वर्षांमागे लोक चित्रपट आणि गाणी ज्या पुन्हापुन्हा लिहिता येणाऱ्या तबकड्यांवर साठवत, त्यांच्यावर एका संयुगाचा पातळ थर असे. जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम या तिघांचे ते संयुग. त्याचा गुण असा की त्याला दोन रूपे असतात. एका रूपात त्याचे अणू शाळेतल्या मुलांसारखे रांगेत बसतात, दुसऱ्यात जत्रेसारखे विस्कटलेले असतात. लेझरचा चटका देऊन झटकन थंड केले की विस्कटलेले रूप, सावकाश थंड केले की रांगेतले रूप. अशी रूपे बदलणारी द्रव्ये जगाने लिहिण्या-पुसण्यासाठी वापरली. पुढे त्यांच्याकडून आणखी एक गुपित निघाले. वातावरणाच्या लाखोपट दाबाखाली त्यांना तिसरे रूप येते, आणि त्या रूपात ती अतिवाहक होतात. त्यांच्यातून वीज जाते, पण वाटेत काहीही सांडत नाही.

नीला ते समजावून सांगताना सोलापुरातलाच दाखला देई. गड्ड्याच्या जत्रेत माणूस निघाला की दहाजणांना धडकतो, घामाघूम होतो. साध्या तारेतल्या विजेचे हेच होते आणि तार तापते. पण त्याच जत्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्या मिरवत निघतात तेव्हा शेकडो माणसे एका तालात चालतात आणि कोणीही कोणावर आदळत नाही. अतिवाहकातली वीज तशी चालते. आणि वाट जर कड्यासारखी गोल असेल, तर ती चालतच राहते. तिला कोणी ढकलावे लागत नाही.

अडचण एवढीच होती की दाब काढला की गुणही जाई. जन्मभर प्रेसच्या जबड्यात राहणाऱ्या वस्तूचा संसाराला काय उपयोग? नीला पुण्याच्या संस्थेत चार वर्षे याच भिंतीशी डोके आपटत होती. त्या कुळातली नवी नवी संयुगे ती करी. त्यातले एक द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीतही अतिवाहक राही. गुरांच्या दवाखान्यात टाकीत भरून ठेवतात तेच ते नायट्रोजन. पण दाब उतरला की अणू निमूटपणे आपापल्या जुन्या जागी जाऊन बसत. मग एक दिवस तिच्या ध्यानात आले की चूक दाबण्यात नव्हती, दाब सोडण्यात होती. आपण दाब हळूहळू सोडतो, म्हणजे अणूंना परतायला सवड देतो. थंडीत आखडलेले असताना तो एका झटक्यात काढला, तर परतायची ताकद त्यांना आणायची कुठून?

वीज फिरत ठेवील एवढे मोठे कडे दाबू शकेल असा प्रेस एकाच ठिकाणी होता, तो म्हणजे चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतला देशमान्यांचा. त्याच्या मागच्या भिंतीवर लाल रंगात हातभर अक्षरे होती : दाब हळू सोडा. शिवशरणांची दोन बोटे एकदा झटक्याने सुटलेल्या दाबाने नेली होती. त्यानंतर ती अक्षरे महानंदांनी लिहवून घेतली होती आणि कारखान्याचा कारभारही आपल्या हाती घेतला होता.

"एकदम सोडायचा?" महानंदांनी चष्म्यावरून पाहिले. "माझ्या प्रेसवर?"

"हो."

"तुझ्या बापाची बोटं गेली त्याच प्रेसवर?"

"आत्या, कोणी जवळ उभं राहणार नाही. बाहेरून सोडू."

"आणि फुटला म्हणजे?"

"तर मी भरून देईन."

"तू काय भरून देशील? तू आधीचंच कुठं फेडलंयस!" असे म्हणून महानंदा उठल्या आणि कामगारांना बाहेर काढायला स्वतः गेल्या. त्यांच्या होकाराची रीत हीच होती.

प्रेस फुटला नाही. असा काही आवाज झाला की पलीकडच्या कारखान्यातली माणसे धावत आली, आणि जबड्यातून बैलगाडीच्या चाकाएवढे करडे कडे अखंड बाहेर आले. नायट्रोजनच्या हौदात ठेवून त्यात वीज भरली. वीज फिरू लागली. दुसऱ्या दिवशी फिरत होती. महिन्यानेही तेवढीच फिरत होती, काडीभरही कमी नाही.

करार महानंदांनी केला होता, त्यामुळे तो घट्ट होता. कडे देशमान्यांचे, मोजमापे संस्थेची. संस्थेचे संचालक डॉ. वाकणकर कडकडून भांडले आणि शेवटी सही करून गेले. त्यांची मागणी एकच होती. कड्याला एक वर्ष कोणी हात लावायचा नाही. आतली वीज दिवाळीच्या एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत न घटता फिरली, तर जग मान्य करील. मग तारा, रुग्णालयांतली यंत्रे, रेल्वे, सारे बदलेल. दुसऱ्या खंडातला एक गट त्यांच्या मागोमागच होता, आणि त्यांचे कडे चार महिने मागे होते.

वर्ष भरत आले. दिवाळी जवळ आली. आणि अण्णांच्या मुलाचा, श्रीनिवासचा फोन आला की कारखाना रिकामा होतोय, माग भंगारात दिले, अण्णांना धाकट्या बहिणीकडे वरंगलला धाडतोय, पाडव्याआधीच.

नीला भेटायला गेली. कारखान्यातले माग काढून नेले होते. त्यांच्या जागी जमिनीवर तेलाचे काळे चौकोन उरले होते. कोपऱ्यात एकच जॅकार्ड माग उभा होता, आणि त्यावर अर्धी विणलेली चादर ताणलेली होती, निळ्या पट्ट्यांची.

"ये ये! काय करलालीस सध्या? अजून ते चाक फिरवतीस का?"

"फिरतंय, अण्णा. ही चादर कोणाची?"

"माझी." अण्णांनी चादरीवरून हात फिरवला. "साठ वर्षं लोकांसाठी विणलो. म्हटलं, एक आपल्यासाठी घेऊ. वरंगलला थंडी कमी, पण आपल्या हातचं अंगावर पाहिजे की!"

"मग पूर्ण का नाही केली?"

"श्रीनिवासनं मीटर काढून दिला. म्हणतंय, नाहीतर तुम्ही हलणारच नाही." ते हसले. "खरं बोलतंय पोरगं. आता अर्धीच न्यायची. गुडघ्यापर्यंत तर येईल."

"भाड्यानं जनरेटर आणू?"

"नको गं. धुराचा वास आता सोसत नाही. आणि तुझी आत्या ऐकेल तर म्हणेल, उसनं वाढलं!" अण्णा खदखदून हसले आणि बराच वेळ खोकत राहिले.

नीला परत निघाली. अण्णांना परत द्यायला ती जे जन्मभर शोधत आली होती ते तिच्याच हौदात फिरत होते. बॅटरीत वीज नसते, रसायन असते. वीज तिथे वेश बदलून बसते आणि बोलावले की पुन्हा वीज होते. अण्णांची गंमत शास्त्राला धरून होती, हे तिला कॉलेजात कळले होते. पण कड्यातली वीज ही वीजच होती, वेश न बदललेली, चालती. ती देता येत होती. आणि ती दिली तर वर्ष मोडत होते.

हुकूम येणार हे तिला ठाऊक होते. महानंदा आत्या छत्तीस वर्षे या दिवसाची वाट पाहत होत्या. तो हुकूम आला की वाकणकरांना काय सांगायचे, याची जुळवाजुळव ती करत होती. हुकूम झाला होता म्हणून केले, असे म्हणता येणार होते. मोठ्या माणसांचा दाब असला की एवढी तरी सोय असते.

महानंदा कारखान्याच्या कचेरीत भाजी निवडत बसल्या होत्या. कामाच्या टेबलावर मेथीची जुडी पसरलेली होती.

"भेटलीस?"

"भेटले. माग एकच उरलाय. मीटर काढलाय."

"कळलं मला."

"कडं तुमचं आहे, आत्या."

"आहेच. म्हणून सांगते." महानंदांनी एक काडी बाजूला टाकली. "पाडव्यापर्यंत ते जागचं हलणार नाही."

नीलाला वाटले, आपण चुकीचे ऐकले.

"आणि उसनं?"

"ते मी घेतलं होतं, तू नाही. तुला तेव्हा धड रडताही येत नव्हतं. शब्द माझा गेला. मी म्हातारी आहे, शब्द माझ्याबरोबर जाईल. तू तुझं वर्ष पूर्ण कर."

"तुम्ही मला जन्मभर..."

"बोलले. जास्त बोलले. तू नीट उभी राहावीस म्हणून बोलले. आता उभी आहेस. आजपासून तो विषय या घरात निघणार नाही. जा, हात धू आणि ही मेथी आत दे."

नीला मेथी घेऊन आत गेली. तिने ती ठेवली आणि कड्याच्या खोलीत जाऊन बसली. हौदातून थंड वाफ काठावर येऊन विरत होती. ती वाट पाहत होती, आता हलके वाटेल. सुटकेचा श्वास निघेल. मग सगळे पुन्हा जिथल्या तिथे जाऊन बसेल, आणि आपण फक्त एक शास्त्रज्ञ राहू, जिचे वर्ष भरत आले आहे. दाब काढला होता, तोही एका झटक्यात. पण आत काहीच जुन्या जागी गेले नव्हते. डोळ्यांपुढे निळ्या पट्ट्यांची अर्धी चादर होती, आणि आता तिच्यामागे कोणाचाही हुकूम नव्हता.

तिने वाकणकरांना फोन लावला.

"नीला, तुम्ही हे गंभीरपणे बोलताय?" ते उडालेच. "पाडवा दारात आलाय! जगातले लोक यायचेत!"

"कडं शाबूत राहील, सर. वीज काढली तरी ते मोडत नाही. पुन्हा भरू, पुन्हा वर्ष मोजू."

"तोवर ते लोक त्यांचं वर्ष पूर्ण करतील. पहिलं नाव त्यांचं लागेल. कायमचं!"

"लागेल."

"एका चादरीसाठी?"

"नाही सर. मी ज्या विजेवर जगले, त्या विजेसाठी."

मग वाकणकरांनी हताशपणे विचारले, "तुमच्या आत्यांनी सांगितलंय ना हे? मी बोलू का त्यांच्याशी?"

"त्यांनी नको म्हणून सांगितलंय, सर."

"मग?"

"मग आता मी माझ्या मनानं करतेय."

वाकणकरांनी सांगितले की पुढल्या वर्षीच्या प्रयोगाचे प्रमुखपद दुसऱ्याकडे जाईल, त्यांचा इलाज नाही. नीला म्हणाली, समजू शकते. फोन ठेवण्यापूर्वी ते अनिच्छेने म्हणाले, "निदान प्रवाह कसा उतरतो ते तरी मोजून आणा. एवढं करताच आहात तर."

ती कचेरीत आली.

"आत्या, मी कडं नेते आहे."

"मी नाही म्हटलं होतं."

"म्हणूनच विचारायला आले नाही. सांगायला आले."

महानंदांनी तिच्याकडे पाहिले. देशमान्यांच्या प्रेसवर पत्रा वाकला की नाही हे त्या ज्या नजरेने पाहत, त्याच नजरेने त्यांनी आपल्या भाचीला वरपासून खालपर्यंत पाहिले. मग खुर्चीचे हात धरून उठल्या.

"थांब. इरकल नेसून येते. असल्या लुगड्यावर कोणाचं उसनं परत करायला जात नाहीत."

टेंपो अगदी सावकाश गेला. अण्णा दारात उभे होते. हौदातून निघणारी वाफ पाहून त्यांनी भुवया चढवल्या.

"हे काय आणलंय? बर्फ?"

"वीज," महानंदा म्हणाल्या.

"आत ॲसिड हाय का बघतो." अण्णा कंबरेची कात्री सावरत पुढे वाकले, आणि कात्री त्यांच्या बोटांतून ओढली जाऊ लागली. नीला ओरडली, "अण्णा, मागे सरा! लोखंड लांब ठेवा!" अण्णा दोन पावले मागे आले. त्यांनी हातातल्या कात्रीकडे पाहिले, हौदाकडे पाहिले, आणि महानंदांकडे पाहिले.

"आत काय हाय?"

"काही नाही," नीला म्हणाली. "ॲसिड नाही, शिसं नाही. नुसती वीज. गेल्या पाडव्यापासून चालतेय, थांबलेली नाही. तुमच्यासाठी आणलीय."

अण्णांना या वेळी गंमत सुचली नाही. ते मागाजवळच्या स्टुलावर बसले आणि उपरण्याने तोंड पुसले.

नीलाने जोडणी केली. कड्यातली वीज एका दिशेने वाहते आणि मागाच्या मोटरला दिशा बदलणारी लागते, म्हणून मध्ये एक लहान यंत्र बसवून ते शेडच्या जुन्याच वायरिंगला जोडले. मागापासून हौद पुरेसा दूर सरकवला. मग तिने मान हलवली. अण्णांनी खटका दाबला.

मागाने एकदा घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि धोटा धावू लागला. रिकाम्या शेडमध्ये तो खटखटाट दुप्पट घुमला. अण्णा चष्मा वर सरकवून धाग्यांवर वाकले. एक सूत तुटले, त्यांनी माग थांबवून गाठ मारली, पुन्हा चालू केला. निळा पट्टा वाढत गेला, मग पांढरा, मग पुन्हा निळा. नीला आकडे टिपून घेत होती. वर्षभर न हललेला आकडा आता उतरत होता, आणि आपल्याला त्याचे दुःख होत नाही याचेच तिला नवल वाटत होते. महानंदा इरकलीचा पदर खांद्यावर घेऊन, लग्नाच्या मांडवात बसावे तशा ताठ बसून राहिल्या.

शेवटचा काठ विणून झाला. अण्णांनी माग बंद केला, चादर कापून काढली, घडी न घालताच खांद्यावर टाकली.

"किती उरलीय आत?" त्यांनी विचारले.

"थोडी."

"मग ती न्या परत. माझं झालं."

"ठेवा," महानंदा म्हणाल्या. "उसनं परत करताना सपाट करत नसतात, अण्णा. वर शीग लागते."

अण्णांनी भिंतीवरची बटणे एकेक करून सगळी दाबली. भर दुपारी शेडमधल्या जुन्या ट्यूब फडफडत उजळल्या. श्रीनिवासने कोपऱ्यावरून चहा आणला. नव्या चादरीचे एक टोक अण्णांनी महानंदांच्या गुडघ्यांवर टाकले, आणि त्या दोन हट्टी माणसांनी त्या बिनगरजेच्या उजेडात, एकमेकांच्या तब्येतीची उणीदुणी काढत चहा घेतला.

कप रिकामे होतात न होतात तोच सगळ्या ट्यूब एकदम विझल्या.

"वीज गेली," नीला सवयीने म्हणाली.

"गेली नाही, पोरी," अण्णा म्हणाले. "पोचली."